पिकअप चढाला दम तोडते, गॅरेजवाला म्हणतो ‘सायलेन्सरची जाळी फोडून टाकू’ : काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा : २०१४ ची टर्बो डिझेल पिकअप, अंबाजोगाई–लातूर–बीड पट्ट्यात भाडं मारते. दोन-तीन महिन्यांत ओढ कमी होत गेली. भरलेली गाडी चढाला दुसऱ्या गिअरवर येते, सपाटीला साठच्या पुढे जायला मागत नाही, डिझेल जास्त पिते, काळा धूर सोडते. गॅरेजमध्ये सांगितलं की कॅटलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला, विषारी वायू जाळणारा डबा) चोक झालाय, म्हणजे आतून तुंबलाय; आतली जाळी फोडून नळकांडं रिकामं करू, नाहीतर नवा टाका. कोणतं बरं?

आत्ता लगेच दोन्ही नको. कन्व्हर्टरमध्ये हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे तो बेअरिंगसारखा झिजून बंद पडत नाही. पुढून इंजिन त्याच्या तोंडात काय सोडतं, यावर त्याचं आयुष्य ठरतं. इंजिनाचा दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर टाकला, तर तोही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. म्हणून क्रम असा ठेवा : खरंच चोक आहे का, असेल तर कुठे, कशाने झालाय, आणि मग धुवायचा की बदलायचा.

आधी तो काय करतो आणि काय करत नाही, एवढं समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. डिझेल पिकअपमधला हा कन्व्हर्टर म्हणजे स्टीलच्या डब्यात बसवलेली सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी वीट. तिच्या भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा थर आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमचे अतिसूक्ष्म कण. साधारण अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की ती कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळून टाकते. काळी काजळी मात्र ती फारशी अडवत नाही. त्यामुळे ‘कन्व्हर्टर गेला म्हणून काळा धूर येतो’ हे वाक्य बहुतेक वेळा उलटं असतं. हवेच्या मानाने डिझेल जास्त जळतंय म्हणून काळा धूर येतो, आणि त्या धुराने कन्व्हर्टर भरतो. पुढे तो भरला की इंजिनाला श्वास सोडता येत नाही, ताजी हवा कमी शिरते आणि धूर आणखी वाढतो. पण सुरुवात इंजिनाच्या बाजूनेच झालेली असते.

आता स्वस्तातल्या गोष्टी आधी. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा; काळ्या मातीच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात फिरणाऱ्या गाडीला मॅन्युअलमधला बदलण्याचा आकडा निम्मा धरावा लागतो. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. टर्बोपासून (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज हाताने दाबून, वाकवून बघा. क्लॅम्पच्या खाली बारीक चीर असेल तर दाब तिथूनच निघून जातो. ओढ कमी आणि काळा धूर ही दोन्ही लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखीच दिसतात. होजवर बाहेरून तेलकट काळा डाग दिसला की चीर तिथेच समजा. गाडी चालवून आल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, एखादं जास्त तापलंय का पाहा. जॅम ब्रेकवर धावणाऱ्या गाडीचंही ‘चोक’ म्हणून निदान झालेलं आहे. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतं पण वेग चढत नाही. एक्झॉस्ट चोक असेल तर आरपीएमच चढत नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्धं निदान घरी होतं.

एक्झॉस्ट बंद होत असल्याची खूण अशी : आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) गाडी नीट, खालच्या आरपीएमला बरी, पण दोन-अडीच हजारांच्या वर घशात काहीतरी अडकल्यासारखी घुसमटते. चढाला पाण्याचं तापमान चढतं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून ‘फुस्स’ आवाज येऊ लागतो, कारण वायू जिथे वाट मिळेल तिथून निघायला बघतो. थंड असताना कन्व्हर्टरच्या डब्यावर रबरी हातोडीने किंवा मुठीने ठोकून बघा. आत खडखड वाजलं तर वीट फुटली आहे किंवा तिच्याभोवतीची मॅट (विटेला डब्यात घट्ट धरणारं अस्तर) गळून ती सुटी झाली आहे. फक्त बाहेरचा उष्णतारोधक पत्रा वाजत नाही ना, याची खात्री करा. तो हाताने दाबून धरा आणि पुन्हा ठोका.

पण नक्की उत्तर देते ती बॅकप्रेशरची, म्हणजे एक्झॉस्टमध्ये अडून राहिलेल्या दाबाची चाचणी, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात कमी केली जाते. पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात गेज लावता येतो. जुन्या डिझेल पिकअपमध्ये बहुधा असं भोक नसतं. अशा वेळी टर्बो आणि कन्व्हर्टर यांच्यामधल्या पाइपला एक एम-१० चा नट वेल्ड करून आत भोक पाडायचं आणि चाचणीनंतर तिथे बोल्ट बसवून बंद करायचं. भोक पाडताना पाइप सोडवून घ्या, लोखंडाचा कीस आत राहू देऊ नका. नटाला आधी एक-दीड मीटर तांब्याची किंवा स्टीलची बारीक नळी जोडा, मग रबरी नळी आणि गेज. रबर थेट जोडलं तर वितळतं. गेज शून्य ते पाच पीएसआयचा, म्हणजे साधारण ०.३५ बारपर्यंतचा घ्या. टायरचा गेज इथे उपयोगाचा नाही, त्याचा काटा इतक्या कमी दाबाला हलतच नाही.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला काटा जवळजवळ शून्यावर हवा. उभ्या गाडीत २५०० आरपीएमला एक पीएसआयच्या आत असेल तर रस्ता मोकळा आहे. दीडच्या वर गेला तर संशय धरा, तीनच्या वर असेल तर संशयाला जागाच नाही. याच आरपीएमवर मिनिटभर धरून ठेवा. काटा हळूहळू चढतच राहिला तर तीही चोक असल्याचीच खूण. भरलेल्या गाडीने चढ चढताना अर्थातच आकडा वाढतो. या आकाराच्या डिझेल इंजिनांना पूर्ण भारावर साधारण ०.१ ते ०.२ बार, म्हणजे दीड ते तीन पीएसआयच्या आसपास मर्यादा असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी तिसऱ्या गिअरवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून नेली आणि शेजारी बसलेल्याने गेज वाचला, तर गॅरेजच्या आवारात तासभर ठोकाठोक करण्यापेक्षा जास्त कळतं.

दाब जास्त निघाला म्हणजे कन्व्हर्टरच गेला, असंही नाही. कन्व्हर्टरच्या मागचा पाइप सोडवा आणि पुन्हा वाचा. दाब एकदम पडला तर अडथळा मागे सायलेन्सरमध्ये आहे. जुन्या सायलेन्सरच्या आतले पत्रे गंजून आडवे पडतात आणि बाहेरून डबा धडधाकट दिसतो. दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या शेपटीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलंही सापडतं. पाइप सोडवूनही दाब तसाच राहिला, तर अडथळा कन्व्हर्टरमध्येच.

गेज नसेल तर ढोबळ पद्धत : कन्व्हर्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा फ्लँज (पाइपांचा नट-बोल्टचा जोड) सैल करून अर्धा इंच फट ठेवायची आणि गाडी एखादा किलोमीटर चालवून बघायची. ओढ लगेच परत आली तर एक्झॉस्ट चोक आहे. पण त्या फटीतून येणारा वायू चार-पाचशे अंशांचा असू शकतो. जवळ ब्रेकचा पाइप, वायरिंग, डिझेलची नळी आहे का बघा, गाडी रिकामी ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा आणि चाचणी एवढ्यावरच थांबवा.

चोक असल्याची खात्री झाली की कन्व्हर्टर उतरवा आणि टॉर्चने आत बघा. इथे घाई करू नका, कारण विटेचं तोंड बघूनच इंजिनाचा दोष कळतो. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त : होज, एअर फिल्टर, ईजीआर (जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), नोझल (डिझेलचा फवारा मारणारं तोंड). ओली, चिकट, तेलाचा वास येणारी काळी असेल तर टर्बो किंवा पिस्टनच्या रिंगांतून तेल येतंय. करडा-पांढरट, राखेसारखा थर असेल तर बराच काळ तेल जळत आलंय. ही राख तेलातल्या जस्त, फॉस्फरस, कॅल्शियमची असते आणि जळून जात नाही. पांढरा खरखरीत थर असून कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलर तपासा. वितळलेली, काचेसारखी चकाकणारी जागा दिसली तर न जळलेलं इंधन आत जाऊन विटेतच पेटलंय. आणि तुकडे पडलेले असतील तर दगडाचा मार किंवा उष्णतेचा धक्का. लाल होईपर्यंत तापलेला कन्व्हर्टर घेऊन गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली की सिरॅमिकला चीर जाते, तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसं.

टर्बोबद्दल थोडं सविस्तर, कारण जुन्या पिकअपमध्ये ओली काजळी सापडली की सगळे थेट टर्बो बदलायला निघतात. इंजिन थंड असताना टर्बोचा हवेकडचा होज काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवी थोडी हालचाल चालते, कारण बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. पुढे-मागे हालचाल मात्र हाताला जाणवताच कामा नये. पंख्याची पाती बाजूच्या भिंतीला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो गेलाच. शाफ्ट घट्ट असूनही तेल येत असेल, तर टर्बोचा तेल परतीचा पाइप बघा. तो काजळीने अरुंद झाला किंवा वाकला की तेल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर पडतं. ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबून क्रँककेसमध्ये दाब वाढला तरी तेच होतं. तेलाचं झाकण काढून आयडलला बघा; जोराने वाफ फेकत असेल तर दोष रिंगांमध्ये किंवा ब्रीदरमध्ये आहे, नवा टर्बो टाकूनही तो जाणार नाही. डिपस्टिक मॅक्सच्या वर भरायची सवय असेल तर ती आधी सोडा. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त तेल वर घालावं लागत असेल तर कन्व्हर्टरचा विषय बाजूला ठेवून इंजिनाचा कॉम्प्रेशन आधी बघा.

नोझलची तपासणी पंप-नोझलवाल्याच्या बेंचवरच होते. अंदाजाने ‘नोझल साफ केले’ याला अर्थ नाही. घरी कळणारी खूण एकच : डिपस्टिकवरचं तेल कमी होण्याऐवजी वाढतंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय. म्हणजे कुठला तरी नोझल ठिबकतोय. त्या डिझेलचा काही भाग कन्व्हर्टरमध्ये जातो आणि तेल पातळ झाल्याने बेअरिंगही जातात. ही खूण दिसली तर गाडी भाड्याला पाठवू नका.

ईजीआरचा व्हॉल्व काजळीने उघडाच अडकला, तर जळलेला वायू सतत आत जातो आणि हवा कमी पडते. तो काढून कार्बन क्लीनरने धुवा, नवीन गॅस्केट टाका, आणि व्हॉल्व पूर्ण बंद होतो का ते बघा. पत्रा टाकून ईजीआर बंद करण्याचा सल्ला मिळेल. तोही बेकायदाच आहे, आणि ज्या गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ईजीआरवर लक्ष ठेवतो तिथे दिवा लागून ताकद आणखी कमी होते.

आपल्या भागातली दोन कारणं वेगळी सांगायला हवीत. पहिलं म्हणजे उभ्याने चालू ठेवलेलं इंजिन. गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापुढच्या रांगेत, किंवा मोंढ्यात सोयाबीनच्या आवकीच्या दिवसांत, गाडी तासन्‌तास आयडलला राहते. आयडलला डिझेलच्या एक्झॉस्टचं तापमान शंभर-दीडशे अंशांच्या आसपास राहतं, कन्व्हर्टर कामाला लागतच नाही आणि काजळी साचत जाते. रांग हलत नसेल तर इंजिन बंद करा. फार पळवून आणलेल्या गाडीचा टर्बो थंड होण्यापुरतं एखाद-दुसरं मिनिट आयडल ठेवा, तेवढं पुरे. दुसरं कारण जुन्या डिझेलचं. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ (भारत स्टेज हे प्रदूषणाचं मानक) लागू होईपर्यंत आपल्याकडे बहुतेक पंपांवर ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५० भाग) गंधक असलेलं बीएस-३ डिझेल मिळायचं. नंतर ते ५० आणि एप्रिल २०२० पासून १० पीपीएमवर आलं. म्हणजे तुमच्या गाडीच्या कन्व्हर्टरने पहिली दोन-तीन वर्षं गंधकाचं डिझेल पचवलंय. गंधकाचे थर भरपूर तापल्यावर काही प्रमाणात निघतात. तेलाच्या राखेचे निघत नाहीत. सोलापूर, पुण्यात मात्र बीएस-४ २०१० पासूनच होतं, त्यामुळे गाडी तिकडून घेतलेली असेल तर कोणत्या मानकाची आहे ते आरसीवर बघून घ्या. पार्ट मागवताना याचा फरक पडतो.

धुता येतो का? फक्त कोरडी काजळी असेल आणि वीट अखंड असेल तर हो, आणि प्रयत्न करण्यासारखा आहे. किरकोळ साचलेलं असेल तर दोष काढल्यावर भरलेली गाडी महामार्गावर तीस-चाळीस मिनिटं २५०० ते ३००० आरपीएमला, एक गिअर खाली ठेवून चालवली तरी बरंच जळून जातं. त्याने नाही झालं तर कन्व्हर्टर उतरवा, मास्क लावा, आणि कॉम्प्रेसरची हवा दोन-तीन बारवर ठेवून हातभर अंतरावरून उलट्या दिशेने, म्हणजे मागच्या तोंडाकडून पुढच्या तोंडाकडे मारा. मग भांड्याचा पातळ साबण घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, उलट दिशेनेच स्वच्छ पाण्याने धुवा, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. नंतर दोन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. ओला बसवला आणि लगेच गाडी दामटली तर आत वाफ होऊन वीट फुटते. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं हळू तापवा. ॲसिड, कॉस्टिक, रॉकेल, पेट्रोल काहीही वापरू नका. सळई घालून भोकं मोकळी करणं तर नकोच. टाकीत थिनर किंवा ‘कॅट क्लीनर’ची बाटली ओतून जुन्या डिझेलचा चोक झालेला कन्व्हर्टर उघडत नाही, आणि थिनरने पंप-नोझलचं नुकसान होतं ते वेगळंच. राखेने भरलेली, वितळलेली किंवा तुटलेली वीट धुऊन परत येत नाही.

आता जाळी फोडण्याबद्दल. फोडल्यावर गाडी पळते, हे खरं आहे, पण बंद नळ उघडला म्हणून पळते. चांगल्या स्थितीतला कन्व्हर्टर फारच थोडा दाब खातो, त्यामुळे ‘जाळी काढली की ॲव्हरेज वाढतं’ हा अनुभव चोक झालेल्या जाळीचा असतो. मूळ दोष तसाच राहतो. काजळी आता सायलेन्सरमध्ये आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर जाते, टर्बोचं तेल गळतच राहतं. कार्बन मोनॉक्साइड न जळता बाहेर पडतो, आणि फ्लँज थोडा जरी गळत असेल तर केबिनमध्ये शिरतो. रात्री इंजिन चालू ठेवून केबिनमध्येच झोपणाऱ्या चालकासाठी ही थट्टेची गोष्ट नाही. कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल करता येत नाही. कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाच्या मानकांसाठीचं कलम १९०(२) वेगळं आहे. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सला अपात्रता. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस आहे, म्हणजे हा प्रश्न दरवर्षी समोर येणार. पीयूसीत जुन्या डिझेलचा फक्त धुराचा गडदपणा मोजतात, बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज (धुराच्या गडदपणाचं एकक), बीएस-४ ला ५० ही मर्यादा. त्यामुळे रिकामं नळकांडंही त्या मशीनवर कधी कधी पास होतं. त्यावरून ‘चालतं’ असं समजू नका.

फोडायचा आग्रह का होतो, त्याचं एक कारण भंगाराच्या भावात आहे. आतल्या विटेत प्लॅटिनम गटातले धातू असतात आणि ती वेगळ्या भावाने विकली जाते. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते याचसाठी. जुना कन्व्हर्टर तुमचा आहे. बदलला तरी अख्खा मागून घ्या आणि त्याची किंमत नव्यातून वजा करून घ्या किंवा स्वतः विका. वीट फोडून पोत्यात भरायचं काम कोणालाही मास्कशिवाय करू देऊ नका, ती धूळ फुफ्फुसात जाते.

नवा घ्यायचा ठरला तर चॅसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढा. गाडीचं नाव आणि साल सांगून आणलेला कन्व्हर्टर फ्लँजला बसेलही, पण बीएस-३ आणि बीएस-४ चा आतला माल वेगळा असतो. एकदम स्वस्त लोकल कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूचा थर नावापुरता असतो, काहींत तर नुसती साधी जाळी. हातात घेऊन दोन्ही तोंडांतून बघा : भोकं बारीक आणि सारखी हवीत, मॅट कडेला सलग हवी, डब्यावर दिशेचा बाण आणि पार्ट नंबर कोरलेला हवा. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. सेकंडहँड कन्व्हर्टर घेऊ नका. त्याच्या आधीच्या इंजिनाने त्याला काय पाजलंय हे बाहेरून कळत नाही. आणि वर सांगितलेला दोष निघाल्याशिवाय नवा डबा दुकानातून उचलूच नका.

बसवताना काम अडतं ते नटांवर. आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी न सुटलेला नट गरम करून सोडवा, जोर लावून स्टड तोडू नका. दोन्ही गॅस्केट नवीन, नट नवीन, हँगरचे रबर कुजले असतील तर तेही. कन्व्हर्टरला खालून जॅक लावा. त्याचं वजन लवचिक बेलोवर (पाइपमधल्या घड्यांच्या जोडावर) टांगून ठेवलं तर बेलो फाटतो. बाण इंजिनाकडून शेपटीकडे. सगळे नट आधी बोटाने बसवा, पाइप कुठेही ताणलेला नाही हे बघा, मग इंजिनाकडून मागे येत घट्ट करा : एम-८ ला साधारण २० ते २५, एम-१० ला ४० ते ४५ न्यूटन-मीटर. थ्रेडवर कॉपर ग्रीस लावा. गॅस्केटला सिलिकॉन सीलंट फासू नका. सिलिकॉनची वाफ विटेवर काचेसारखा थर धरते. वेल्डिंग करावं लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा कनेक्टर काढा, अर्थ वेल्डिंगच्या अगदी जवळ घ्या आणि डब्याच्या अंगावर वेल्डिंग करू नका, आतली मॅट जळते. उष्णतारोधक पत्रा परत बसवायचा कंटाळा करू नका. तापलेला कन्व्हर्टर उसाच्या पाचटावर, सोयाबीनच्या भुस्कटावर किंवा जिनिंगच्या आवारात सांडलेल्या कापसावर उभा राहिला तर खाली पेटायला वेळ लागत नाही. पत्रा असला तरी अशा जागी गाडी उभी करणं टाळाच.

तुमची गाडी डिझेल आहे म्हणून हे सगळं. पेट्रोल किंवा सीएनजी छोटा हत्ती असेल तर पहिला संशय मिसफायरवर धरा : प्लग, कॉइल, गळका इंजेक्टर. न जळलेलं पेट्रोल विटेत जळून तिला काही मिनिटांत वितळवू शकतं, म्हणून एक सिलिंडर बंद पडलेली गाडी ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हणून ओढत नेऊ नका. तिथे व्हॅक्यूम गेजही चालतो. समुद्रसपाटीला आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) येतो. संभाजीनगर, लातूरसारखी ठिकाणं साडेपाचशे-सहाशे मीटरवर असल्याने आपल्याकडे दोनेक इंच कमी येणं साहजिक आहे, त्यावरून इंजिन कमजोर ठरवू नका. २५०० ला धरल्यावर काटा हळूहळू घसरत गेला तर चोक. युरिया लागणाऱ्या बीएस-४ च्या मोठ्या ट्रकांत पाइपमध्ये पांढरे खडे साचतात, तो वेगळा आजार. आणि बीएस-६ गाडीत डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) आला. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय नट सैल करू नका.

बसवून झाल्यावर थंड इंजिन चालू करून शेपटीच्या नळीवर जाड फडकं क्षणभर दाबा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तिथे गळती. शे-दोनशे किलोमीटरनंतर गाडी थंड असताना नट एकदा परत ताणा. चाचणीसाठी वेल्ड केलेला तो एम-१० चा नट काढून टाकू नका, बोल्टने बंद करून ठेवा. नव्या कन्व्हर्टरसह २५०० आरपीएमला गेज किती दाखवतो तो आकडा तारखेसह गाडीच्या वहीत लिहा आणि ऑइल बदलताना दर वेळी पुन्हा वाचा. आकडा वाढायला लागला की होज, ईजीआर आणि टर्बो त्याच आठवड्यात बघा, गाडी दुसऱ्या गिअरवर येण्याची वाट न बघता.